शेवटचा डबा दिसल्याशिवाय

मागच्या पावसाळ्यात कुर्डुवाडी स्टेशनाबाहेरच्या एका सेवा केंद्रात मी एक पांढरा चौकोन पाहिला. तो अजून डोक्यातून जात नाही.

माढा तालुक्यातल्या एका गावचे, साठी ओलांडलेले शेतकरी काउंटरशी उभे होते. पीक विम्याचा अर्ज भरून महिना झालेला, पावती पावसात भिजून लगदा झालेली. नवी प्रिंट मारून द्या, एवढंच मागणं. केंद्रातल्या मुलीनं संगणकावरचा एक प्रोग्राम उघडला. कुणाचाही अर्ज भरून झाला की समोरच्या वेबपानाचं छोटं चित्र काढून ठेवायचं, खाली नाव आणि तारीख लिहायची, हे या प्रोग्रामचं काम. चाळीसेक चित्रं रांगेनं उघडली. त्यातली दहा-बारा कोरी होती. काकांच्या नावावरचं चित्रही कोरंच. आणि त्या कोऱ्या चित्राच्या कोपऱ्यात हिरवी खूण : जतन झाले.

"ताई, ह्यात तर कायबी दिसंना," काका म्हणाले.

"काका, त्या दिवशी साईट लई स्लो होती."

मुलीचं खरं होतं. साईट हळू होती. पण साईट हळू असणं वेगळं आणि काहीच हाती नसताना 'जतन झाले' म्हणणं वेगळं. पहिल्याला अडचण म्हणतात. दुसरं खोटं बोलणं आहे, आणि ते खोटं एका माणसानं प्रोग्रामात लिहून ठेवलं होतं. तो माणूस काउंटरवर नव्हता. काका होते. त्यांना दोन एस्ट्या बदलून पुन्हा यावं लागलं.

मी स्वतः असले प्रोग्राम लिहून पोट भरतो, म्हणून हे जास्त लागलं. वेबपानाचं चित्र काढणं हे आमच्या धंद्यात किरकोळ काम समजतात. नव्या पोराला पहिल्या आठवड्यात देतात. माझं म्हणणं असं की हे काम किरकोळ नाही, आणि ते नीट कसं करायचं हे कुर्डुवाडीतल्या कुठल्याही जुन्या रेल्वेवाल्याला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

माझे चुलते मालगाडीवर गार्ड होते. (२०२२ पासून गार्डला 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात. घरात आम्ही अजून गार्डच म्हणतो.) लहानपणी फलाटावर इंजिन दिसलं की मी ओरडायचो, गाडी आली! चुलते म्हणायचे, इंजिन आलंय, गाडी यायचीय. गाडी आली असं स्टेशनवाला कधी म्हणतो? शेवटचा डबा डोळ्यांनी पाहिल्यावर. त्या डब्याच्या पाठीला 'एल व्ही' अशी पाटी लटकवलेली असते, म्हणजे लास्ट व्हेइकल, आणि रात्री तांबडा दिवा. पाटी दिसली नाही, दिवा दिसला नाही, तर गाडी अपुरी आली असं धरायचं. मागं रुळावर एखादा डबा सुटून राहिला असेल. मग कितीही घाई असो, मागच्या स्टेशनला लाइन क्लिअर, म्हणजे पुढची गाडी सोडायची परवानगी, द्यायची नाही. दौंडकडून, सोलापूरकडून, पंढरपूरकडून आणि बार्शीकडून गाड्या येणाऱ्या जंक्शनात हा नियम पाळला नाही तर काय होईल, ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आता त्या पांढऱ्या चौकोनाकडे या. तो प्रोग्राम इंजिन पाहून लाइन क्लिअर देत होता.

विंडोजवर असे प्रोग्राम बनवणारे बरेच जण अनेक वर्षं डॉट नेटमधला तयार 'वेब ब्राउझर' नावाचा भाग वापरत आले. त्याच्या पोटात इंटरनेट एक्स्प्लोरर असतो. पान उघडलं की तो 'डॉक्युमेंट कम्प्लिटेड' अशी वर्दी देतो. नावावरून वाटतं, झालं सगळं. पण एका पानात तीन चौकटी असतील तर ही वर्दी प्रत्येक चौकटीची वेगळी येते. पहिली वर्दी आली की घाईतला प्रोग्राम चित्र काढून मोकळा होतो आणि बाकीची पानभर मजकुराची चौकट अजून वाटेत असते. दुसरी गोष्ट त्याहून वाईट. या भागाचं चित्र काढायला जी 'ड्रॉ टू बिटमॅप' नावाची सोय सर्रास वापरतात, ती या भागासाठी नाहीच, असं मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या कागदपत्रांत लिहिलेलं आहे. ती कधी चालते, कधी कोरी पाटी देते. तरी लोक वापरतात, कारण आपल्या टेबलावर ती चालली होती.

तिसरी गोष्ट. विंडोजच्या रजिस्ट्रीत मुद्दाम नोंद केली नाही तर हा भाग इंटरनेट एक्स्प्लोररच्या ७व्या आवृत्तीसारखं वागतो. ती आवृत्ती २००६ सालची. आजची साईट तिच्यात उघडली की अर्धे रकाने एकमेकांवर चढतात आणि अर्धे गायब होतात. मायक्रोसॉफ्टनं १५ जून २०२२ला विंडोज १०वरच्या इंटरनेट एक्स्प्लोररचा आधार काढून घेतला. तालुक्याच्या गावी विकलेल्या प्रोग्रामांतून तो अजून निघालेला नाही. ज्यांनी विकले त्यांनी येऊन तो काढावा. पैसे घेतलेत.

काही हुशार लोकांनी पळवाट काढली : पानाचं चित्र निघत नाही ना, मग सरळ पडद्याचा फोटो घ्या. ही युक्ती मला सगळ्यात जास्त खटकते. पडद्यावर त्या क्षणी जे असेल ते चित्रात जातं. अँटिव्हायरसची सूचना जाते, व्हॉट्सॲपवरचा घरचा निरोप जातो. मागच्या खिडकीत आधीच्या गिऱ्हाइकाचं आधार कार्ड उघडं असेल तर त्याचा नंबर या गिऱ्हाइकाच्या पावतीवर चिकटतो. पडदा लॉक झाला असेल तर काळा चौकोन. सेवा केंद्रातला संगणक हा गावाचा संगणक असतो, दिवसभरात पन्नास घरांची कागदपत्रं त्याच्यावरून जातात. तिथं पडद्याचा फोटो काढणारा प्रोग्राम बसवणं म्हणजे बँकेच्या रांगेत दुसऱ्याच्या खांद्यावरून पासबुक वाचायला माणूस नेमण्यासारखं आहे.

या बाबतीत मोठमोठेही चुकलेत. नव्या टॅबवर आवडत्या पानांची छोटी चित्रं मांडायची पद्धत ऑपेरानं २००७ साली स्पीड डायल म्हणून रुळवली. २०१२ साली फायरफॉक्सच्या १३व्या आवृत्तीत तशी चित्रं आली, आणि लोकांना आपल्या बँकेच्या आतल्या पानांची चित्रं नव्या टॅबवर दिसू लागली. मोझिलाला ते मान्य करून दुरुस्ती करावी लागली. छोट्या चित्रातही माणसाचं खातं असतं, हे तेव्हाच कळायला हवं होतं.

मग करायचं काय? उत्तर अवघड नाही, फक्त धीर लागतो.

पहिलं म्हणजे इंजिन बदला. क्रोमियमवर चालणारा वेबव्ह्यू टू मायक्रोसॉफ्टनं २०२० साली खुला केला, त्यात पानाचं चित्र काढायची अधिकृत सोय आहे. क्रोम स्वतः २०१७ पासून पडद्याविना चालतो आणि चित्र काढून देतो. म्हणजे गिऱ्हाइकासमोर काहीही उघडं असलं तरी चित्र पानाचंच येतं, पडद्याचं नाही. पैसे लागत नाहीत. लागतो तो एक आठवडा.

पण नव्या इंजिनालाही शेवटचा डबा कुठला हे आपोआप कळत नाही. आजच्या पानाचा सांगाडा आधी येतो आणि मजकूर मागून जावास्क्रिप्ट घेऊन येते. सांगाडा उतरला की 'लोड झालं' अशी वर्दी मिळते, पावतीचा नंबर मात्र अजून सरकारी सर्व्हरच्या दारात उभा असतो. गोल फिरत असतो. त्या फिरत्या गोलाचीही चित्रं मी जतन झालेली पाहिलीत, शेकड्यानं.

इथं पुन्हा रेल्वेच कामाला येते. आता बऱ्याच ठिकाणी पाटी बघण्याच्या जोडीला ॲक्सल काउंटर बसवलेत. गाडी सेक्शनमध्ये शिरताना किती चाकं आत गेली ते यंत्र मोजतं, पलीकडे किती बाहेर पडली तेही मोजतं. दोन्ही आकडे जुळले तरच सेक्शन मोकळा. ब्राउझरातही हेच करता येतं. पानानं सर्व्हरकडे किती मागण्या पाठवल्या आणि किती परत आल्या, ते मोजा. पपेटिअरसारख्या साधनांत ही सोय तयार आहे : एकही मागणी बाकी नाही आणि अर्धा सेकंद तशीच शांतता आहे, तर पान स्थिरावलं असं धरायचं. काही पानं मात्र कधीच गप्प बसत नाहीत, दर काही सेकंदांनी सर्व्हरला काहीतरी विचारत राहतात. त्यांच्यासाठी वेळेची मर्यादा ठेवावी लागते.

माझ्या मते यातलं सगळ्यात भरवशाचं साधन सगळ्यात साधं आहे. तुम्हाला चित्र कशासाठी हवंय ते आधी ठरवा. पावतीच्या नंबरासाठी हवंय ना? मग नंबराच्या जागी नंबर उमटला का ते तपासा, आणि उमटेपर्यंत थांबा. तो नंबर म्हणजे तुमची एल व्हीची पाटी. बाकी जाहिरात येवो न येवो, मंत्र्यांचा फोटो येवो न येवो.

आणि मर्यादा संपली, नंबर आलाच नाही, तर? तर तसं सांगा. तांबड्या अक्षरात : चित्र मिळालं नाही, काकांना जाऊ देऊ नका. एवढंच एक वाक्य त्या दिवशी पडद्यावर आलं असतं तर ते दहा मिनिटं बाकावर बसले असते, चहा प्यायले असते आणि कागद घेऊनच गेले असते. कोरं चित्र ओळखणं तर अगदीच सोपं आहे. सगळे ठिपके एकाच रंगाचे आहेत का, एवढं पाहायचं. चार ओळींचं काम आहे. या चार ओळी न लिहिल्याबद्दल मला सबब ऐकायची नाही.

आता मराठीचं. इथं आमच्या लोकांचं दुर्लक्ष मला मनापासून झोंबतं, कारण चित्र निघतं, कोरंही नसतं, तरी वाचता येत नाही.

पडद्याविना चालणारा ब्राउझर एखाद्या नव्या कोऱ्या सर्व्हरवर बसवला आणि त्या यंत्रावर देवनागरी टंकच नसला, तर मराठीच्या जागी चौकोनांची माळ येते. विंडोजवर वर्षानुवर्षं ही वेळ आली नाही याचं श्रेय 'मंगल' या टंकाला आहे, आणि तो घडवणारे रघुनाथ कृष्ण जोशी होते, आपले र. कृ. जोशी, सुलेखनकार, कवी, आयआयटी मुंबईत शिकवणारे. इंग्रजीखेरीज काहीच धड दिसत नसे त्या काळात त्यांनी जोडाक्षरांसकट मराठी पडद्यावर उभी केली. आज नोटोपासून मुक्तापर्यंत चांगले टंक फुकट मिळतात. ते यंत्रावर टाकायला पाच मिनिटं लागतात. शिवाय पानासोबत येणारा टंक उतरला का, हे ब्राउझरला विचारता येतं. तो यायच्या आत चित्र काढलं तर अक्षरांची जागाच मोकळी राहते किंवा भलत्याच टंकात मजकूर बसतो आणि ओळी तुटतात.

आणखी एक बारीक गोष्ट. मराठीचा ल आणि श हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे. काही टंकांत दोन्ही वळणं असतात. पानावर भाषा मराठी आहे अशी नोंद असेल तर मराठी वळण उमटतं, नाहीतर हिंदी. महाराष्ट्रातल्या पानांवरही ही नोंद बऱ्याचदा नसते. एका शब्दाची नोंद! काकांना त्यानं फरक पडत नाही, असं मला एकानं ऐकवलं. काका चौथीपर्यंत ज्या वळणाचा ल गिरवत आले, तोच त्यांना त्यांच्या कागदावर दिसला पाहिजे. फरक पडतो की नाही ते त्यांना विचारून ठरवू.

मग आकाराचा प्रश्न. १,२८० ठिपके रुंदीचं पान २५६ ठिपक्यांत बसवलं की सगळं पाचपटीनं आक्रसतं. १६ ठिपक्यांचं अक्षर जेमतेम तीन ठिपक्यांचं उरतं. इंग्रजी अक्षराची तिथं निदान काळी मुंगी तरी होते. देवनागरीत मात्रा, वेलांट्या, रफार सगळं विरून जातं आणि शिरोरेषा तेवढी राहते. पानभर आडव्या रेघा. किरण कोणता आणि करण कोणता, काही कळत नाही. म्हणून अख्खं पान दाबून बसवण्यात अर्थ नाही. आधी पूर्ण आकारात चित्र काढा, ते तसंच जपून ठेवा, आणि छोट्या चित्रासाठी पानाचा तो तुकडा कापा ज्यात नाव आणि नंबर आहे. छोटं चित्र ओळखण्यासाठी असतं, वाचायला मागं मोठं असलं पाहिजे.

छोटं म्हणजे अपुरं, ही समजूत तर कुर्डुवाडीत कुणी करून घेऊच नये. १८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची बार्शी लाइट रेल्वे इथून बार्शीला सुटली तेव्हा रुळांतलं अंतर अडीच फूट होतं. कुर्डुवाडीला तेव्हा बार्शी रोड म्हणत. कॅलथ्रॉप यांनी चाकाच्या प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही असं ठरवलं आणि सगळे डबे एकाच लांबीच्या सांगाड्यावर बांधले. ती गाडी १९०६ साली पंढरपूरला गेली, १९११ साली लातूरला, १९२७ साली मिरजेला. वारकरी तिनं नेले, कापूस नेला. लहान मापात पूर्ण काम कसं बसवायचं याचा हिशोब आधी कागदावर झाला होता, म्हणून ती चालली. आमच्या छोट्या चित्रांचा हिशोब कुणी केलेला नसतो. मोठं दाबून लहान केलेलं असतं, बस.

राहिला पुराव्याचा मुद्दा. लोक म्हणतात, स्क्रीनशॉट आहे ना, मग झालं. झालं नाही. आपल्याच जालन्याचं प्रकरण घ्या. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत तिथं २९६ मतांनी निकाल लागला. उमेदवारी अर्ज वेळेत भरला होता की नाही यावर वाद कोर्टात गेला, आणि निवडणूक कार्यालयातल्या कॅमेऱ्याचं चित्रण पुरावा म्हणून पुढं आलं. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १४ जुलै २०२०ला स्पष्ट केलं की इलेक्ट्रॉनिक नोंद मूळ यंत्रासकट न आणता तिची नक्कल सादर करायची असेल, तर कायद्यानं सांगितलेलं प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३खालच्या प्रमाणपत्रात नोंदीची हॅश किंमतही लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा. एक ठिपका बदलला तरी तो बदलतो.

सेवा केंद्रातल्या चित्रासाठी कुणी कोर्टात जाणार नाही, असं म्हणू नका. विम्याची रक्कम अडली, भरतीचा अर्ज बाद झाला, की माणसाच्या हातात तेवढंच असतं. म्हणून चित्र काढताना त्याच क्षणी पानाचा पत्ता, तारीख, वेळ आणि हॅश प्रोग्रामनं सोबत लिहून ठेवावी. ते संगणकाला जड नाही. आणि साईट पीडीएफ पावती देत असेल तर चित्रावर विसंबूच नका, ती पावती उतरवून ठेवा. महसूल खात्याचा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा हे याचं चांगलं उदाहरण. १५ रुपयांत मिळतो, त्याच्यावर पडताळणी क्रमांक असतो, कुणीही कुठूनही खरा-खोटा तपासू शकतं. प्रत्येक सरकारी पावती अशी झाली तर आमचं चित्र काढायचं कामच उरणार नाही. मला चालेल.

तोवर ते नीट करायचं. त्या केंद्रातला प्रोग्राम मी दोन रविवार बसून बदलून दिला. चाचणी केंद्रातच घेतली, त्यांच्याच लाइनवर, दुपारी चारला, काउंटरवर गर्दी आणि बाहेर पाऊस असताना. वेगवान इंटरनेटवर घेतलेली चाचणी म्हणजे रिकामी गाडी उतारावर ढकलून ब्रेक चांगले आहेत म्हणणं. पहिल्या दिवशी सात वेळा तांबडं अक्षर आलं. मुलगी वैतागली. आधी तर असं कधी येत नव्हतं, म्हणाली. मी तिला जुन्या चित्रांची रांग उघडून दाखवली. ती बराच वेळ खाली-वर सरकवत राहिली. मग कोऱ्या चित्रांखालची नावं एका वहीत उतरवून काढली आणि संध्याकाळी एकेकाला फोन लावत बसली.

परवा पुन्हा गेलो होतो. एक आजी नातवाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन आल्या होत्या. पान उघडायला वेळ लागत होता, मागं रांग वाढत होती. मुलीनं पडदा आजींकडे वळवला आणि म्हणाली, "आजी, इथं नंबर येईल. आला की मला वाचून दाखवा." आजींनी चष्मा सारखा केला. नंबर उमटला. बोट पडद्यावर टेकवून त्यांनी एकेक आकडा मोठ्यानं वाचला, शेवटच्या आकड्यापर्यंत. मग मुलीनं बटण दाबलं.